स्मृतिभ्रंश : घरातील दुसऱ्या माणसाची चिंता



वृद्धांच्या सेवेचा विषय निघाला की आपल्याकडील व्यासपीठांवरून दोन वाक्ये हटकून ऐकू येतात. एक, आपली कुटुंबव्यवस्था हाच वृद्धांचा खरा आधार आहे. दुसरे, आजच्या पिढीवरील संस्कार कमी पडू लागल्यामुळे वृद्धाश्रम वाढत आहेत. पहिल्या वाक्यात सत्याचा अंश मोठा आहे. दुसऱ्यातही थोडा असेल. पण एका आजाराच्या बाबतीत ही दोन्ही वाक्ये निरुपयोगी ठरतात, किंबहुना अपायच करतात. तो आजार म्हणजे स्मृतिभ्रंश, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. आजच्या विवेचनाचा रोख रुग्णाइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, त्या घरातील दुसऱ्या माणसाकडे आहे. जो रुग्णाला सांभाळतो, त्याच्याकडे. ‘जो’ म्हणताना चूकच होते आहे, कारण बहुतेक घरांत ती ‘जी’ असते.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. डोंबिवलीतील म्हणा, सांगलीतील म्हणा. आजींचे वय अठ्ठ्याहत्तर. उभे आयुष्य काटकसरीने संसार केलेली, हिशेबाची वही चोख ठेवणारी बाई. चार वर्षांपूर्वी भाजीत मीठ दोनदा पडू लागले तेव्हा घरात कुणी मनावर घेतले नाही. मग दूध उतू जाऊन गॅस विझला आणि बटण तसेच चालू राहिले, असे दोनदा घडले. मग आजींच्या पाटल्या ‘चोरीला’ गेल्या. त्या कपाटात जुन्या पातळाच्या घडीत सापडल्या खऱ्या. पण सुनेने त्या चोरल्या, असे शेजारच्या दोन घरी तोवर सांगून झाले होते. आता दिवेलागण झाली की आजी पिशवी भरतात. पिशवीत एक चादर, फणी, कागदात गुंडाळलेल्या दोन पोळ्या. माहेरी जायचे आहे, दादा न्यायला आला आहे, खाली उभा आहे. दादाला जाऊन तीस वर्षे झाली. सून म्हणते, “आई, दादामामा केव्हाच गेले.” ही वार्ता जणू प्रथमच कानी पडावी तसा आजी हंबरडा फोडतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा पिशवी, पुन्हा दादा, पुन्हा तोच हंबरडा.

सुनेचे वय त्रेपन्न. शाळेतील नोकरी तिने मुदतीआधी सोडली. रात्री तीनदा उठावे लागते. नवरा सकाळची लोकल पकडतो आणि रात्री आठला परततो. धाकटे दीर परदेशी. ते रविवारी व्हिडिओवर पंधरा मिनिटे बोलतात. त्या पंधरा मिनिटांत आजी हसतात, “जेवलास का?” म्हणून विचारतात, नातवाचे कौतुक करतात. मग दीर दादाला म्हणतात, “आई तर छान आहे, वहिनी उगाच बाऊ करतात.”

हा शेवटचा प्रसंग अनेक घरांत जसाच्या तसा घडतो, म्हणून तो समजून घेणे अगत्याचे आहे. आजाराच्या सुरुवातीच्या आणि मधल्या काळात रुग्ण क्वचित भेटणाऱ्या माणसासमोर काही वेळ स्वतःला सावरू शकतो. त्यात ढोंग नसते. आयुष्यभर अंगी मुरलेल्या रीतीभाती स्मृतीच्याही नंतर टिकून राहतात, एवढाच त्याचा अर्थ. पाहुणा गेला की ती शक्ती संपते, आणि संताप, संशय, रडणे हे सारे रोजच्या माणसाच्या वाट्याला येते. चोरीचा आळही ज्याचा हात घरात सर्वाधिक फिरतो त्याच्यावरच येतो. सर्वाधिक करणारी व्यक्ती सर्वाधिक दोषी ठरते, आणि हा निवाडा एकट्या रुग्णाचा नसतो. नातेवाईक आणि शेजारीही त्यात सामील होतात.

१९०६ साली आलॉईस आल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी ज्या स्त्रीच्या आजाराचे वर्णन वैद्यकीय सभेपुढे मांडले, त्या स्त्रीच्या बाबतीतही नवऱ्याविषयीचा संशय हे अगदी सुरुवातीचे लक्षण होते. स्मृतिभ्रंश हे अनेक आजारांचे सामायिक नाव आहे आणि आल्झायमरचा आजार हा त्यातील सर्वाधिक आढळणारा प्रकार. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्याने होणारा प्रकारही आपल्याकडे बराच दिसतो. मधुमेह आणि रक्तदाब वर्षानुवर्षे अंगावर काढण्याची सवय त्याला खतपाणी घालते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतातील साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्याच अभ्यासात हे प्रमाण शहरांपेक्षा ग्रामीण भागात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळले. ‘हे शहरी, पाश्चात्त्य जीवनशैलीचे दुखणे आहे, आपल्या खेड्यांत असले काही नसते’ असे जे सहज बोलले जाते, त्याला या आकड्यांत कोठेही आधार नाही. खेड्यांत आजार असतो. त्याचे नाव सांगणारा डॉक्टर नसतो, इतकेच.

आणि नाव नसले की भाषा आपली नावे देते. म्हातारचळ. भ्रमिष्टपणा. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर आपण थट्टेने म्हणतो, पण तिने मराठी घरांतील निदान किती लांबविले असेल याचा विचार करावा. म्हातारपणी असे व्हायचेच, असे एकदा ठरले की डॉक्टरकडे जाण्याचे कारणच उरत नाही. जपानने या बाबतीत एक उल्लेखनीय पाऊल उचलले. तेथे या आजारासाठी रूढ असलेल्या शब्दाला मूर्खपणाचा वास येत असे. २००४ मध्ये तेथील सरकारने तो शब्द अधिकृत व्यवहारातून काढून टाकला आणि ‘आकलनाचा विकार’ अशा अर्थाचा नवा शब्द रूढ केला. पुढल्याच वर्षी सामान्य नागरिकांना दीड तासाच्या वर्गात हा आजार समजावून सांगण्याची मोहीम सुरू झाली. बँकेतील कर्मचारी, दुकानदार, शाळकरी मुले, पोलीस असे एक कोटीहून अधिक लोक आजवर त्या वर्गांना बसले आहेत. त्यांच्याकडून उपचारांची अपेक्षाच नाही. रस्त्यात गोंधळलेला वृद्ध दिसला तर घाई न करता, समोरून येऊन, हळू आवाजात बोलावे, इतके त्यांना कळले तरी पुरे. आपल्याकडील ज्या संघटनांना दीड तासाचा वर्ग घेण्याचा रोजचा सराव आहे, त्यांना यात अवघड ते काय?

मराठी माणसाला हा आजार पुष्कळसा समजला तो एका चित्रपटामुळे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृतच्या व्यासंगी प्राध्यापकाची भूमिका केली. ते हत्तीच्या मागे चालत निघून जातात आणि माहुताच्या कुटुंबात पोहोचतात. त्या माहुताच्या बायकोला आजाराचे नाव ठाऊक नसते, तरीही तिला त्या माणसाशी वागता येते. चित्रपट पाहून डोळे पुसणारे पुष्कळ होते. पण त्यातील मुलीची ओढाताण, वडिलांवरील प्रेम आणि स्वतःचा संसार यांत तिचे होणारे तुकडे, याविषयी तुलनेने कमी बोलले गेले, असे वाटते.

निदानाविषयी थोडे सांगून पुढे जाणे योग्य होईल. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वयाचे असू शकते. चष्मा हातात घेऊन याचे काय करायचे असते हे न सुचणे वयाचे नसते. नेहमीच्या वाटेवर चुकणे, ओळखीच्या वस्तूचे नाव न आठवणे, पैशांचा व्यवहार बिघडणे, स्वभाव एकाएकी पालटणे, यांपैकी काही दिसल्यास वैद्यकीय तपासणी करावीच. कारण असे की विस्मृतीची काही कारणे उपचारांनी पुष्कळशी सुधारू शकतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, जी शाकाहारी घरांत सर्रास आढळते, थायरॉइडचे विकार, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात साकळलेले रक्त. आणि एक-दोन दिवसांतच माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागला तर ती तातडीची बाब समजावी. वृद्धांमध्ये साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गानेही असे होते. आल्झायमरच्या आजारावर मात्र तो समूळ बरा करणारे औषध आजही नाही. काही गोळ्या लक्षणे काही काळ सौम्य करतात. स्मरणशक्ती परत आणण्याची हमी देणाऱ्या जाहिराती, मग त्या कोणत्याही पॅथीच्या असोत आणि कितीही प्राचीन ग्रंथांचा हवाला देवोत, त्यांच्यापासून अशा कुटुंबांना सावध करणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्यच आहे. संकटात सापडलेले घर सर्वांत आधी खिशाने लुटले जाते.

आता त्या सुनेकडे परतू. तिच्यासाठी समाजाजवळ काय आहे? कौतुक आहे. ‘फार करते हो सासूचे’ हे वाक्य आहे. न केल्यास निंदा आहे. परंतु आठवड्यातून दोन तास मोकळे मिळावेत अशी सोय नाही. आपण ज्याला कुटुंबव्यवस्था म्हणून गौरवितो, ती अशा घरात प्रत्यक्षात एका बाईची पाठ असते. पूर्वीच्या वाड्यात आजींना माहेरी जायची लहर आली तर चार जावा, दोन नणंदा, ओसरीवरचे आजोबा यांत ती लहर विरून जात असे. आज दीड-दोन खोल्यांच्या घरात, बंद दाराआड, ती एकीनेच झेलायची असते. इंग्रजीत अशा कुटुंबांसाठी १९८१ मध्ये निघालेल्या आणि आजही वाचल्या जाणाऱ्या एका पुस्तकाचे नावच ‘छत्तीस तासांचा दिवस’ या अर्थाचे आहे. हे ओझे घेऊन राहणाऱ्या माणसाला पुढे नैराश्य, रक्तदाब, निद्रानाश जडतो, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. एखाद्या दिवशी तिचा हात उगारला जातो, आणि मग ती रात्रभर रडते. या घटनेचे निदान ‘संस्कार कमी पडले’ असे करणाऱ्याने एकदा सलग तीन रात्री त्या घरात काढून पाहाव्यात.

कायदा आणि शासन यांची बाजूही पाहिली पाहिजे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ न करणाऱ्या अपत्यांकडून निर्वाहभत्ता मिळविण्याची तरतूद केली. त्याची गरज होतीच. पण तो कायदा टाकून देणाऱ्याला धरतो. जी सांभाळते आहे, तिच्यासाठी त्यात काही नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सत्तरीपुढील सर्व ज्येष्ठांना आयुष्मान योजनेत आणले, हे स्वागतार्ह आहे. मात्र ती योजना रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च उचलते, आणि स्मृतिभ्रंशाचा मुख्य खर्च घरात होतो. ब्यूरोतून येणारी मावशी, डायपर, सोडलेल्या नोकरीचा बुडालेला पगार. त्या मावशीलाही या आजाराचे प्रशिक्षण क्वचितच मिळालेले असते. अनेक वृद्धाश्रम तर स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश देतात. म्हणजे वृद्धाश्रमांच्या वाढीची चिंता करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की सर्वाधिक निकड असलेल्या रुग्णासाठी दारे बहुधा बंदच असतात. शेवटच्या टप्प्यात, जेव्हा गिळणेही कठीण होते, तेव्हा चांगल्या शुश्रूषागृहात ठेवण्याचा निर्णय एखाद्या कुटुंबाने घेतला तर तो कर्तव्याचा त्याग मानू नये.

आणखी एक अडचण कागदपत्रांची. सही जुळत नाही म्हणून निवृत्तिवेतनाचे पैसे अडकले की मग धावाधाव होते. ‘कुलमुखत्यारपत्र करून ठेवले आहे’ असे पुष्कळांना वाटते. परंतु ते देणाऱ्याची बुद्धी विचलित झाली की भारतीय करार कायद्यानुसार ते निष्प्रभ होते. नेमके ज्या दिवशी त्याची गरज भासते त्या दिवशी ते उपयोगाचे नसते. १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या मालमत्तेची व्यवस्था लावण्याची तरतूद होती. २०१७ च्या नव्या कायद्यात ती नाही, त्यामुळे अनेक कुटुंबांना पालकत्वासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आहे. म्हणून निदान लवकर होणे, रुग्ण स्वतः विचार करू शकतो तोवर मृत्युपत्र, नामनिर्देशन आणि संयुक्त खाते यांची व्यवस्था वकिलाच्या सल्ल्याने करून घेणे, हे औषधाइतकेच महत्त्वाचे. आणि हे बोलणे काढायला सुनेची जीभ रेटत नाही, कारण पाटल्यांचा आळ तिच्यावर आधीच आलेला असतो. तेथे बाहेरचा विश्वासू माणूस लागतो.

या साऱ्यावर काही उपाय आहे की नाही, असा प्रश्न पडेल. उत्तर शोधायला फार दूर जाण्याची गरज नाही, गोव्यात जावे. तेथे डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांत एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असलेली ८१ कुटुंबे त्यात होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने ती दोन गटांत वाटली गेली. एका गटातील ४१ कुटुंबांकडे ‘गृहसेवा सल्लागार’ जाऊ लागले. ते डॉक्टर नव्हते, परिचारिकाही नव्हते. स्थानिक भाषा बोलणारी, लिहिता-वाचता येणारी आणि वृद्धांसाठी काही करण्याची इच्छा असलेली साधी माणसे होती ती. त्यांना थोडक्या काळात प्रशिक्षण दिले गेले, पाठीशी एक मानसोपचारतज्ज्ञ ठेवला गेला, आणि निदान पंधरवड्यातून एकदा, असे सहा महिने ते घरी जात राहिले. आजार म्हणजे काय ते समजावून सांगायचे, वागण्यातील अडचणींवर मार्ग सुचवायचा, सरकारी योजनांचे अर्ज भरायला मदत करायची, आणि सांभाळणाऱ्याचे ऐकून घ्यायचे.

सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांच्या मानसिक आरोग्यात आणि रुग्णाच्या वागण्यामुळे होणाऱ्या त्यांच्या मनस्तापात स्पष्ट सुधारणा दिसली. रुग्णाच्या लक्षणांत मात्र खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नाही, आणि १८ रुग्ण त्या काळातच निवर्तले. हा तपशील झाकून ठेवण्याचे कारण नाही. आजार आपल्या गतीने पुढे गेला. पण त्याच्या शेजारी बसलेले माणूस मोडून पडण्यापासून काही अंशी वाचले. आणि ते वाचविणारी माणसे पदवीधर तज्ज्ञ नव्हती. ज्या संघटनांकडे वस्ती-वस्तीत ओळखी असलेला, दार वाजविल्यावर आत घेतला जाणारा कार्यकर्ता आहे, त्यांनी हा प्रयोग बारकाईने अभ्यासावा.

मग अशा घरी जाऊन करायचे काय? सर्वांत आधी, उपदेश टाळायचा. ‘त्यांना नामस्मरण करायला सांगा’, ‘तुम्ही सकारात्मक राहा’ ही वाक्ये उंबऱ्याबाहेर ठेवून आत जावे. त्या घरात पहिल्या दिवशी मिळालेला सल्ला बहुधा शेवटचा ठरतो, कारण दुसऱ्यांदा दार उघडत नाही.

आजींशी वाद घालू नये. दादा गेले हे दररोज सांगून काय साधते? त्याऐवजी “दादा येईपर्यंत चहा घेऊ, तुमचे माहेर कुठले हो?” असे विचारावे. आजी मग विहिरीची, फणसाची, वर्गातल्या बाईंची गोष्ट सांगतील, तीच गोष्ट चार वेळा सांगतील, आणि पिशवी विसरली जाईल. काल काय जेवल्या ते त्यांना आठवत नाही. पण पाढे, स्तोत्रे, जात्यावरच्या ओव्या पुष्कळदा ठणठणीत शाबूत असतात. हातांची स्मृतीही उशिरापर्यंत टिकते. मटार सोलणे, धुतलेल्या रुमालांच्या घड्या घालणे, समईच्या वाती वळणे. वाती वाकड्या झाल्या तरी त्या त्यांच्यासमोर टाकून देऊ नयेत. ज्या बाईने साठ वर्षे घर चालविले तिच्या हातून सारी कामे काढून घेतली की ती सैरभैर होते, आणि त्याला आपण आजार वाढला असे म्हणतो.

घराची मांडणी थोडी बदलावी लागते. गॅसचे मुख्य बटण बंद ठेवणे, रात्री न्हाणीघरापर्यंत मंद दिवा, चकाकणाऱ्या स्टीलच्या ताटाऐवजी रंगीत ताट, कारण पांढरा भात चकाकीत दिसतच नाही आणि ‘आई जेवत नाहीत’ अशी तक्रार होते. आजींच्या पदराला किंवा पिशवीला नाव आणि दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी असावी. इमारतीचा वॉचमन, कोपऱ्यावरचा वाणी, रिक्षाथांब्यावरची दोन मुले यांना विश्वासात घ्यावे. कुटुंबे हे लाजेने लपवितात. ‘पोरांना सांगितले तर थट्टा करतील’ अशी भीती असते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तीच पोरे आजींना हाताला धरून घरी आणून सोडतात.

पण या साऱ्याहून मोलाची गोष्ट म्हणजे मोकळे तास. दोन माणसांनी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, दोन तास आजींजवळ बसायचे आणि सुनेने घराबाहेर पडायचे. तिने त्या वेळात काय करायचे हे विचारू नये. ती दाताच्या डॉक्टरकडे जाईल, बँकेत जाईल, किंवा मैत्रिणीकडे जाऊन नुसती झोपेल. दिवस आणि वेळ ठरलेली असणे फार महत्त्वाचे; ‘कधीही हाक मारा’ असे सांगणाऱ्याला कुणी हाक मारत नाही. ज्या वस्तीत अशी चार-पाच घरे असतील तेथे ज्येष्ठ नागरिक संघाचे सभागृह किंवा मंदिराचा दुपारी रिकामा असणारा सभामंडप मागून घेता येईल, आणि महिन्यातून एकदा फक्त सांभाळणाऱ्यांना एकत्र बोलावता येईल. आपल्यासारखीच दुसरीही चोर ठरली आहे हे कळले की तिला किती हलके वाटते, ते तेथे दिसते.

पहिल्या खेपेस दोघांनी जावे, त्यांत एक स्त्री असावी, आणि ती आजींच्या जवळपासच्या वयाची असल्यास उत्तम. आजी नाव विचारतील, पुन्हा विचारतील. दर वेळी नव्यानेच सांगावे. आणि निघण्यापूर्वी सुनेला एवढेच विचारून घ्यावे, की पुढच्या बुधवारी तिला कितीला बाहेर पडायचे आहे.